लेबल खरं, रंग मात्र कच्चा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी नागपूरला एका बँकेत नोकरी करते. दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन एक छापील रेशमी स्कार्फ मागवला होता. मोतिया रंगावर लाल आणि गडद निळी फुलं, किंमत चौदाशे रुपये, सोबत सिल्क मार्कचं लेबल. दोनदा वापरून धुवायला काढला. आई म्हणाली, नवीन रंगीत कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजत घाल, रंग पक्का होतो. म्हणून तासभर भिजवला आणि नेहमीच्या पावडरने धुतला. लाल रंग सगळ्या मोतिया भागावर पसरला, त्याच बादलीतल्या माझ्या पांढऱ्या सुती कुर्त्यालाही लागला. इस्त्री केल्यावर तर डाग आणखीच ठसठशीत दिसायला लागले. लेबल खोटं होतं का?

आई मे अखेरीस जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होते आहे. तिला एक चांगला छापील रेशमी स्कार्फ द्यायची फार इच्छा आहे, तीन हजारांपर्यंत. काय बघून घेऊ? आणि घरी धुवायचा की ड्राय क्लीनलाच द्यायचा?

शेवटचं एक. आत्याने पन्नासेक वर्षांपूर्वी लंडनहून आणलेला चौकोनी रेशमी स्कार्फ आता माझ्याकडे आलाय. घडीवर चिरा पडल्यात, मधे पिवळे डाग आहेत. तो वापरता येईल का?

– एक वाचक, नागपूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी लेबलाचं सांगते, कारण फसवले गेल्याची सल तुझ्या पत्रात जाणवते. लेबल खरं असण्याचीच शक्यता जास्त आहे. स्कार्फचा रंग गेला, यावरूनच तो पॉलिएस्टरचा नसावा असं मला वाटतं. पॉलिएस्टरवरच्या छपाईत सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. गार पाण्यात तासभर ठेवलं म्हणून तो रंग बाहेर येत नाही. म्हणजे खोटं रेशीम रंगाला पक्कं असू शकतं आणि खरं रेशीम कच्चं निघू शकतं. आपण मात्र सगळी शंका ‘रेशीम खरं का?’ या एका प्रश्नावर खर्च करतो आणि छपाईबद्दल दुकानदाराला काहीच विचारत नाही.

सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली खूण आहे. कापड शुद्ध नैसर्गिक रेशमाचं आहे, एवढंच ती सांगते. वीण किती घट्ट, रंग कोणता वापरला, तो किती पक्का बसला, यातलं काही ती सांगत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. लेबल जरूर पाहा, त्यावरचा क्रमांक आणि होलोग्राम पाहा, पण तपासणी तिथे संपवू नकोस.

आता तुझ्या स्कार्फला नेमकं काय झालं ते. रेशीम हे प्रथिन आहे. त्यावर बहुतेक वेळा जे रंग वापरतात त्यांना ॲसिड रंग म्हणतात. किंचित आम्लधर्मी वातावरणात ते रेशमाला घट्ट धरतात आणि अल्कलीत, म्हणजे सोडा असलेल्या पाण्यात, सुटायला लागतात. कपडे धुण्याची नेहमीची पावडर चांगलीच अल्कलीयुक्त असते. तिच्यातली काही एन्झाइमं तर प्रथिनांचे डाग तोडण्यासाठीच घातलेली असतात, आणि रेशीम स्वतःच प्रथिन! पावडरने एकदा धुतलं तर कापड फाटत नाही, पण त्याची झळाळी कमी होते आणि हाताला ते रुक्ष लागतं. पावडर हे तुझ्या बाबतीत एक कारण झालं.

दुसरं कारण तुझ्या घरातलं नाही, छपाईच्या कारखान्यातलं आहे. रेशमावर छपाई करताना रंग डिंकासारख्या दाट खळीत कालवतात. लांब टेबलावर कापड ताणून बसवतात आणि स्क्रीनने छापत असतील तर प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लावतात. छापून झाल्या झाल्या रंग कापडावर फक्त बसलेला असतो, कापडाने तो धरलेला नसतो. तो धरण्यासाठी कापडाला बराच वेळ, साधारण पाऊण ते एक तास, वाफ द्यावी लागते. त्यानंतर खळ आणि न धरलेला जास्तीचा रंग निघून जाईपर्यंत कापड भरपूर पाण्यात धुवावं लागतं. डिजिटल छपाईतही वाफ आणि धुणं चुकत नाही, फरक एवढाच की तिथे शाई यंत्र फवारतं. वाफ कमी दिली किंवा धुण्यात पाणी आणि वेळ वाचवला, की तो जास्तीचा रंग तुझ्या बादलीत येतो. लाल, गडद निळा आणि काळा हे यातले नेहमीचे रंग, कारण गडद रंगात मुळात रंगद्रव्य जास्त घातलेलं असतं.

आणि मीठ. आईला बोल लावू नकोस. तिचा सल्ला सुती कापडाच्या अनुभवातून आलेला आहे आणि घरोघरी तो असाच चालत आला आहे. सूत रंगवताना रंगाच्या हौदात मीठ घालतात, कारण मिठामुळे रंग सुताकडे ओढला जातो. पण एकदा छापून तयार झालेल्या रेशमावर मीठ कुलूप लावत नाही. तुझ्या स्कार्फचं खरं नुकसान केलं ते तासभराच्या भिजण्याने. सुटलेला रंग पाण्यात तरंगत राहिला आणि त्याला मोतिया भागावर बसायला निवांत वेळ मिळाला. मग इस्त्रीच्या उष्णतेने तो तिथे पक्का झाला.

हा स्कार्फ पूर्वीसारखा होईल असं मी सांगणार नाही. गार पाण्यात सौम्य द्रव साबण घालून दोन-तीन वेळा झटपट धुऊन पाहा, थोडा फिकट होईल. ब्लीचला मात्र हात लावू नकोस. क्लोरीनचं ब्लीच रेशीम अक्षरशः विरघळवतं. मला विचारशील तर तो एखाद्या चांगल्या रंगाऱ्याकडे दे आणि गडद जांभळ्यात किंवा निळ्यात बुडवून घे. जुनी फुलं त्या रंगाखालून गडद-फिकट दिसत राहतात आणि बरेचदा हा दुसरा जन्म पहिल्यापेक्षा देखणा असतो. कुर्ता सुती आणि पांढरा आहे, त्याला ऑक्सिजनवालं ब्लीच चालेल. कोमट पाण्यात रात्रभर ठेव.

आता आईचा स्कार्फ. हा तुझ्या पत्राचा माझ्या मते सगळ्यात आनंदाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, नावांना भुलू नकोस. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम, बहुतेकदा रेयॉन किंवा पॉलिएस्टर. ‘साटन’ ही विणीची जात आहे, ती रेशमाचीही असते आणि पॉलिएस्टरचीही. ‘मोडाल सिल्क’ हल्ली फार चालतंय, विशेषतः कच्छच्या अजरख छपाईत. कापड सुरेख असतं, अंगावर छान पडतं, पण मोडाल हा झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा आहे. अजरख आवडत असेल तर मोडालवरची खुशाल घे, किंमत मात्र मोडालचीच दे. ‘सेमी सिल्क’ आणि ‘सिल्क टच’ या शब्दांत रेशमाबद्दल कसलीही हमी नाही.

अंगठीतून कापड ओढून दाखवणारे विक्रेते असतात. त्यातून कापड पातळ आणि निसरडं आहे एवढंच कळतं. पातळ पॉलिएस्टरही तसंच निघून जातं. हातात चुरगळल्यावर येणारी करकर हीसुद्धा खात्रीची खूण नाही, ती कापडाला शेवटी दिलेल्या आम्लाच्या हाताने येते. बरी चाचणी जाळण्याची आहे, पण ती फक्त आतल्या शिवणीच्या जागचा किंवा झालरीचा सुटा धागा घेऊन, चिमट्यात धरून करायची. रेशमाचा धागा ज्योतीपासून आकसतो, जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की तो विझू पाहतो आणि मागे बोटांनी चुरणारी काळी राख राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखा भराभरा जळतो आणि त्याची राख मऊ, करडी असते. एक लक्षात ठेव, उभे धागे रेशमाचे आणि आडवे दुसरेच अशीही कापडं असतात, म्हणून दोन्ही दिशांचा धागा घे.

मग स्कार्फ उलटा कर. छापील रेशीम ओळखायला उलटी बाजू फार उपयोगी पडते. रेशीम पातळ असतं, चांगल्या छपाईत रंग आरपार जातो आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडीच फिकट दिसते. मागे जवळजवळ पांढरं असेल तर ते उष्णतेने छापलेलं पॉलिएस्टर असू शकतं, किंवा रेशमावरची वरवरची डिजिटल छपाई. डिजिटल छपाईवर माझा राग नाही. छायाचित्रासारख्या बारीक छटा तीच देऊ शकते. पण गळ्यात बांधलेल्या स्कार्फची उलटी बाजू सतत दिसते, तेव्हा मागे पांढरी पडणारी छपाई घेऊन पुढे पस्तावायला होतं. बोट फिरवून पाहा. फुलाच्या जागी कापड कागदासारखं ताठ आणि बाकी मऊ असेल, तर रंग वर चिकटवलेला आहे. तो घडीवर तडकतो. रेशमावर अशी छपाई घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोनेरी वर्खाची छपाईही यातच आली.

आता ती एक चाचणी, जी केली असतीस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पांढरा सुती रुमाल थोडा ओला करून घट्ट पीळ, स्कार्फच्या कोपऱ्याजवळच्या सगळ्यात गडद रंगावर ठेव आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धर. घासायचं नाही. रुमालाला पुसट छटा आली तर चालू शकतं, ठळक डाग आला तर तो स्कार्फ परत. प्रत्येक गडद रंगाची वेगळी चाचणी कर, कारण एकाच स्कार्फमधला निळा पक्का आणि लाल कच्चा असू शकतो. दुकानात करू देत नसतील तर घरी आल्या आल्या, लेबल काढायच्या आधी आणि परतीची मुदत संपायच्या आत कर. आईला द्यायची भेट आहे म्हणून ती गुंडाळून ठेवशील आणि मुदत निघून जाईल, तेवढं करू नकोस.

काठही बघ. मोठ्या फॅशनघरांच्या स्कार्फवर हाताने गोल वळून घातलेला काठ असतो. पॅरिसच्या हर्मेसने १९३७ मध्ये पहिला छापील रेशमी स्कार्फ काढला, आणि ९० सेंटीमीटरचा चौरस व हाताने वळलेला काठ या दोन गोष्टी त्यानंतर जगभर चांगल्या स्कार्फच्या खुणा मानल्या जाऊ लागल्या. हाताने वळलेला काठ दोरीसारखा फुगीर असतो आणि टाके अगदी एकसारखे नसतात. मशीनचा काठ चपटा, टाके मोजून मारलेले. तुझ्या बजेटमध्ये मशीनचा काठही चालेल, फक्त तो सरळ असू दे आणि कोपऱ्यात धागे लोंबत नसू देत. हातकाठाला थोडे जास्त पैसे मागितले तर द्यावेत. एका चौरसाचे चारही काठ वळायला माणसाचा बराच वेळ जातो.

जाडी ‘मॉमी’त सांगतात. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. ९० सेंटीमीटरचा चौरस १२ मॉमीचा असेल तर सुमारे ४२ ग्रॅम भरतो, १६ मॉमीचा सुमारे ५६ ग्रॅम. ऑनलाइन वस्तू आली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ८ मॉमीच्या आसपासचं कापड उन्हाळ्यात हवंसं वाटतं, पण गाठ मारल्या जागी लवकर विरतं. वारंवार वापरायच्या स्कार्फला १२ च्या वरचं घ्यावं. यातून किमतीचाही अंदाज येतो. कच्च्या रेशमाचा भाव किलोला काही हजार रुपये असतो. नुसत्या धाग्याचे शे-दोनशे रुपये, त्यावर विणकाम, छपाई, वाफ, काठ आणि दुकानाचा खर्च. मग तीन-चारशे रुपयांत मोठा ‘प्युअर सिल्क’ स्कार्फ कसा मिळेल, हे तूच ठरव.

तर आईसाठी काय? चौकोनी स्कार्फ गळ्यात बांधण्याची सवय लागते. ज्या बाईने वर्षानुवर्षं साडी नेसून शाळा केली तिला मी लांब स्टोलच सुचवेन. खांद्यावर टाकला की झालं. साटन नको, ते घसरत राहतं आणि पाण्याच्या एका थेंबाने डागतं. क्रेप (जास्त पीळ दिलेल्या धाग्याचं, किंचित कणीदार रेशीम) घे किंवा टसर, म्हणजे रानातल्या किड्यांचं रेशीम.

क्रेपमध्ये बंगालचं काम बघ. मुर्शिदाबादचं पातळ रेशीम आणि हुगळीकाठच्या श्रीरामपूरची छपाई (आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे) ही जुनी जोडी आहे. हातमाग प्रदर्शनांत बंगालचे गाळे असतात. त्यांना सरळ विचार, “छापल्यावर वाफ दिलीय का? धुऊन काढलंय का?” जाणकार विक्रेता या प्रश्नाने खूश होतो आणि पुढचं स्वतःहून सांगतो. उत्तर टाळणाऱ्याकडून गडद रंग घेऊ नकोस.

माझा कल मात्र टसरकडे आहे, आणि त्याचं कारण तुझं गाव. तुमच्या विदर्भातच, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. ढिवर समाजातली कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. गडचिरोलीतलं आरमोरी त्यासाठी ओळखलं जातं. तिकडे त्याला कोसाही म्हणतात, आईला हा शब्द नक्की माहीत असेल. टसरला मुळातच मधासारखा रंग आणि हाताला लागणारा खडबडीत पोत असतो. त्यावर ठशांनी केलेली छपाई फार सुंदर दिसते, कारण कापडाचा स्वतःचा रंग मधूनमधून बोलत राहतो. ठसे जिथे जुळतात तिथे केसभर फट किंवा दाट रेघ दिसली तर तो दोष समजू नकोस, हाताचं काम तसंच असतं. फक्त टसर रंग तुतीच्या रेशमाइतका सहज धरत नाही, म्हणून ओल्या रुमालाची चाचणी इथे चुकवू नकोस. आणि फार फिकट गुलाबी-आकाशी मागू नकोस, ते मधाळ रंगावर मळकट दिसतात. विटकरी, हिरवा, नीळ हे रंग खुलतात.

एक विनंती आहे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गाडीवर तोंडाला बांधायला हा स्टोल आईला वापरू देऊ नकोस. त्यासाठी सुती ओढणीसारखं दुसरं काही नाही. ऊन आणि घाम हे रेशमाचे दोन मोठे शत्रू आहेत. उन्हाने ते पिवळं आणि ठिसूळ होतं, घामाने रंग बदलतो आणि कापड कमकुवत होतं. थंडीतल्या सकाळी, लग्नकार्यात, प्रवासात, एसीच्या डब्यात तो पांघरावा.

धुण्याकडे वळू. ड्राय क्लीनलाच द्यायचा असा नियम नाही. उलट घाम पाण्यात विरघळतो, ड्राय क्लीनच्या द्रावणात तो पूर्ण निघत नाही. रुमालाच्या चाचणीत जो रंग पक्का ठरला तो स्कार्फ घरी धू. जो कच्चा आहे, ज्यावर रंग चिकटवलेला आहे किंवा ज्यावर जरीचं काम आहे तो जाणकार ड्राय क्लीनरकडे दे, आणि देताना ‘छापील रेशीम आहे, आधी कोपऱ्यावर तपासा’ असं सांग. मोठा तेलकट डाग असेल तरीही तिकडेच.

घरी धुताना, आपल्या केसांना जे चालतं तेच रेशमाला चालतं असं समज. सौम्य शाम्पू चालतो, रिठा चालतो, पावडर आणि साबणाची वडी नाही. रिठ्याने रेशीम छान धुतलं जातं, पण त्याचं पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्या किंवा मोतिया कापडाला तो नको. मोठ्या टबात गार पाणी, त्यात चमचाभर शाम्पू आधी नीट मिसळून घे आणि मगच स्कार्फ सोड. एकटाच, दुसरं काही सोबत नाही. दोन-तीन मिनिटं पाण्यात हलवत राहा. घासायचं नाही, आणि टबात सोडून फोन घ्यायला जायचं नाही. रंग सुटताना दिसला तर घाबरू नकोस, थांबूही नकोस. लगेच काढून भरपूर गार पाण्यात खंगाळत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटच्या पाण्यात बादलीमागे चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं तर उरलीसुरली अल्कली जाते आणि झळाळी परत येते. त्याने कच्चा रंग पक्का होत नाही, तो गैरसमज नको. आणि मंजिष्ठेसारख्या नैसर्गिक रंगांच्या छपाईला व्हिनेगर, लिंबू, सोडा यातलं काहीच लावू नकोस, आम्ल आणि अल्कली दोन्हींनी ते रंग बदलू शकतात. निळीचं वेगळंच, ती सुरुवातीला कोरडीसुद्धा हाताला आणि कपड्याला लागते. पहिल्या काही वेळा पांढऱ्यावर घेऊ नये.

पिळू नकोस. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. स्वच्छ, जुना, पांढरा पंचा पसर, त्यावर स्कार्फ सपाट ठेव, दोन्ही मिळून गुंडाळ आणि वरून हाताने दाब. छपाईचे दोन गडद-फिकट भाग एकमेकांवर ओले राहू देऊ नकोस, घडी घालावीच लागली तर मधे फडकं ठेव. सावलीत, वाऱ्यावर, आडवा वाळव. दोरीवर चिमटे लावलेस तर चिमट्यांच्या खुणा राहतात.

किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने, रेशमाच्या खुणेवर ठेवून इस्त्री कर. वाळून गेला असेल तर वर पाणी शिंपडू नकोस, थेंबांच्या कडा उमटतात. तशा उमटल्याच तर सगळा स्कार्फ एकसारखा ओला करून पुन्हा वाळव, जातात. गोल वळलेल्या काठावरून इस्त्री फिरवू नकोस, तो चपटा झाला की पुन्हा फुगत नाही.

वापरतानाचं थोडक्यात सांगते. अत्तर, डिओडरंट आधी, ते वाळल्यावर स्कार्फ. अत्तरातल्या अल्कोहोलने रंग हलतो आणि नंतर तिथे पिवळट डाग येतो. केसांना तेल लावलेल्या दिवशी रेशीम नको. सेफ्टी पिन गंजते आणि भोकही पाडते, त्यापेक्षा सैल गाठ बरी. तेलाचा थेंब पडला तर चोळू नकोस, त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेव आणि सकाळी झटक. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, त्यामुळे तसाच गार पाण्याखाली धरून जितका जाईल तितका घालव.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी येते. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळ. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर पुरचुंडीत, कापडाला टेकणार नाहीत अशा. आणि घामाचा, वासाचा स्कार्फ न धुता कपाटात ठेवू नकोस, रेशीम खाणाऱ्या किड्यांना मळलेलं कापडच आधी आवडतं. दर दोन-तीन महिन्यांनी काढून घडीची जागा बदल. पैठणीची घडी आपण बदलतो, स्कार्फची विसरतो.

आत्याच्या स्कार्फचं वेगळं आहे, कारण घडीवर चिरा पडल्या म्हणजे धागाच तुटायला लागलाय. तो धुऊ नकोस. पाण्याच्या वजनाने आणि हाताळण्याने चिरा वाढतील. पिवळे डाग बहुधा जुन्या घामाचे किंवा अत्तराचे असावेत. इतक्या वर्षांनंतर ते घरच्या उपायांनी जात नाहीत, आणि ते घालवायच्या नादात कापड जातं. तो गळ्यात बांधण्याचा हट्टही धरू नकोस, एका गाठीने तो फाटू शकतो.

त्याची घडी आजच उघड. स्वच्छ पांढऱ्या चादरीवर सपाट पसर, हाताने चुण्या काढू नकोस, इस्त्री तर नकोच. पुठ्ठ्याची जाड नळी घे, तिच्यावर धुतलेल्या सुती कापडाचे दोन वेढे दे, आणि छापील बाजू बाहेर ठेवून स्कार्फ सैल गुंडाळ. वर पुन्हा मलमल. असा तो कपाटात आडवा राहिला तर नव्या चिरा पडणार नाहीत. भिंतीवर लावायचा असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांग. डिंकाने किंवा चिकटपट्टीने चिकटवायचा नाही, मागच्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचायचा. काच कापडाला टेकता कामा नये, मधे पट्टी हवी. आणि फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर लागणार नाही, तेव्हा घराच्या आतल्या भिंतीचं माप घेऊनच ती करायला टाक.

तुझी,
ताई